कालचा मासा

गिलावा

"छिन्नी नको," सिसिनिओस म्हणाला. "कोमट पाणी आणा. आणि स्पंज."

गर्दीत हसू फुटलं. "अठ्ठावीस वर्षांनी हात धुतोय म्हातारा!" मासेवाली झोए ओरडली.

त्यानं मान वळवली नाही. समोरची भिंत पांढरी होती. त्या पांढऱ्याखाली मारियामाता होती. पूर्वीच्या सम्राटाला चित्रांपुढं टेकलेली डोकी खपत नव्हती. त्याच्या हुकमानं राजधानीतल्या चर्चमधून चुना फिरला. या चर्चमधला चुना सिसिनिओसनं फिरवला. आता राजमातेचा उलटा हुकूम होता. चित्रं उघडा.

उघडल्यावर काय निघणार, हे वस्ती जाणून होती. जुन्या गुळगुळीत भिंतीवर नवा गिलावा धरत नाही. आधी हातोडीनं टाचे मारावे लागतात, बोटबोट अंतरावर, ओळीत. मातेचा चेहरा देवी येऊन गेलेल्या माणसासारखा निघणार होता.

"चेहरा ओळखू आला तर तुला बायकोशेजारी पुरू," पाद्री लेओन हळूच म्हणाले. "नाही आला तर कोटाबाहेर. लोक माझं ऐकणार नाहीत, सिसिनिओस."

"शेजारी कशाला?" झोएनं ऐकलंच. "आंथूसा माझ्या बाजूला टोपली घेऊन बसायची. गिऱ्हाईक दिसलं की आपणच सांगायची, हा कालचा आहे, घेऊ नको. असली बाई, आणि तिला हा चुनेवाला! मेल्यावर तरी सुटू दे तिला."

पाद्री पुढं सरकले आणि ठेचकाळले. भिंतीपाशी फरशीचा एक दगड पार खडबडीत होता. तिथं गुडघे टेकले की सोलून निघत.

बादली धरून एक जोगीण उभी होती. पेलागिया. त्याची मुलगी. चुना लागला त्याच वसंतात, सतराव्या वर्षी, ती मठात गेली. तेव्हापासून तिनं त्याला कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती.

शपथ

ती दर ईस्टरला सम्राटाच्या अधिकाऱ्यापुढं व्हायची. ग्रंथावर हात. नवरा एकदा, बायको एकदा.

अधिकारी : चुन्याखाली चेहरा शिल्लक आहे?

सिसिनिओस : नाही.

अधिकारी : बाई, चेहरा शिल्लक आहे?

आंथूसा : नाही.

मग ती रडायची. अधिकारी तिच्याकडं बघायचा, मान हलवायचा, आणि पुढच्या चर्चकडं निघायचा. पलीकडच्या वस्तीत त्याला शंका आली होती. तिथं त्यानं गिलावा खरवडून पाहिला. त्या गवंड्याचा उजवा हात मनगटापासून गेला.

घर

"चुनेवाल्याला सांग, जेवण झाकून ठेवलंय." हे आंथूसा मांजराला सांगायची. घरात तिसरं कुणी नसायचं.

मांजर मेल्यावर तेही थांबलं.

तीन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. भिंतीकडं तोंड करून.

कापड

त्यानं कडेकडेनं पाणी मुरवलं. थांबला. पुन्हा मुरवलं. मग नखानं एक कोपरा सोडवला, जणू तो कोपरा कुठं आहे हे त्याला पाठ होतं. चुन्याचा पापुद्रा उचलला गेला आणि त्याच्यामागं जाडंभरडं कापड आलं. त्याला खळीचा जुना, आंबूस वास होता.

पेलागियानं बादली खाली ठेवली.

"आईची चादर," ती कुजबुजली. "शेवटच्या दिवशी बोलली ती माझ्याशी. म्हणाली, हुकूम आला त्या संध्याकाळी मीच खळ लावून डकवली. आतली माता तरी जगेल म्हणून. पण त्यानं वरून टाचे मारले. अधिकाऱ्यानं आम्हाला दाराबाहेर रोखलं होतं. मी एकेक ठोका ऐकला."

"ऐकला असेल," सिसिनिओस म्हणाला. "सगळ्यांनीच ऐकला."

तो दोन्ही हातांनी, सावकाश, खाली खाली ओढत राहिला. कपाळ. भुवई. डोळा. दुसरा डोळा.

चेहरा

एकही टाचा नव्हता.

गालावरचा गुलाबी रंग ओला होऊन चमकत होता. कुणीतरी "चमत्कार!" म्हणालं, आणि मग सगळेच म्हणायला लागले. झोए छाती पिटत रडली. पाद्री लेओननी क्रूसाची खूण केली. "जा, तुला जागा मिळाली," असं ते सिसिनिओसला म्हणाले, पण त्यांचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. लोक त्याला बाजूला सारून भिंतीकडं धावले. धुपाटणं आलं. भजन सुरू झालं.

पेलागिया गुडघे टेकायला वाकली आणि तशीच थांबली.

खडबडीत दगड तिच्या पायाशी होता. आजवर तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं नव्हतं. बारीक खळगे. बोटबोट अंतरावर. ओळीत.

तिनं वर पाहिलं. तो गर्दीच्या मागं एका खांबाशी उभा राहून चादरीवरचा चुना झटकत होता.

"बाबा," ती जवळ जाऊन म्हणाली. "चादर तिची, हे तुम्हाला तेव्हाच कळलं?"

"खळ ओली होती अजून. घरच्या पातेल्यात उरलेली मी सकाळी पाहिली होती."

"मग तिला का नाही सांगितलंत? पंचवीस वर्षं, बाबा. एकदा तरी. कानात तरी."

सिसिनिओसनं चादरीची घडी घातली. मधली शिवण आंथूसाच्या हातची होती. तिच्यावरून त्यानं अंगठा फिरवला.

"दर ईस्टरला तिचाही हात ग्रंथावर ठेवायचे," तो म्हणाला. "आणि तुझ्या आईला कालचा मासा आजचा म्हणून कधी विकता आला नाही, पोरी."