ह्यांना विचारून

तपासणीच्या दारातून माणूस गेल्यावर वरचा दिवा लगेच लाल होत नाही. मधे एक श्वास जातो. त्या एका श्वासात माणसाचा चेहरा कसा होतो, हे अनसूयम्मांनी बऱ्याच विमानतळांवर पाहिलं होतं.

"अक्का, माझं वाजलं तर?" भूलक्ष्मीने विचारलं. तेनालीची ही बाई हैदराबादच्या या रांगेतच भेटली होती. मुलीच्या बाळंतपणाला निघालेली, विमान पहिल्यांदाच. दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले.

"वाजलं तर वाजलं. पडद्यामागे नेतील, हात फिरवतील, सोडतील. आमच्या ह्यांचं तर दर खेपेला ठरलेलं. उजव्या गुडघ्यात धातू बसवलाय ना."

"अय्यो! मग काय करतात?"

"जसा देश तसं. दोह्याचा माणूस एक शब्द बोलत नाही. हातातली तपासणीची पट्टी गुडघ्याला लावतो, ती ओरडते, तो मान हलवतो, झालं. शिकागोला काचेच्या कपाटात उभं करतात, हात वर करून. ह्यांनी वर केलेले हात डोक्यावर जोडले, तिरुपतीला गाभाऱ्यासमोर जोडावेत तसे. ती पोलीसबाई म्हणते, हात लांब ठेवा. हे म्हणतात, गोविंदा!"

भूलक्ष्मी हसता हसता मागच्या बाईवर आदळली.

अनसूयम्मांनी खांद्यावरची कापडी पिशवी पोटाशी सरकवली. ती पिशवी त्यांनी ट्रॉलीवरही ठेवली नव्हती. "फ्रँकफर्टला तळहातावर चिंधी फिरवून यंत्रात घालतात. स्फोटकाची पूड लागलीय का बघायला. ह्यांनी विमानात इडलीबरोबर कारप्पोडी, आपली तिखटाची पूड, खाल्लेली. घाम फुटला. मला म्हणतात, अनसूया, आता गुंटूरची मिरची सापडणार."

"सापडली?"

"छे. जर्मन यंत्राला काय कळतंय! आणि मेलबर्नला बूट काढायला लावले. ह्यांना वाकता येत नाही. तर तो उंचापुरा अधिकारी खाली बसला आणि त्यानेच नाड्या बांधून दिल्या. ह्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, शंभर वर्षं जग म्हणाले. बिचारा घाबरून मागे सरला."

"भाऊजी आहेत तरी कुठे? मला बघू तर द्या."

"पुढे गेले."

पलीकडे पुरुषांची रांग भराभर सरकत होती. भूलक्ष्मीने तिकडे पाहून नाक मुरडलं. "पुरुषांचं मेलं असंच. बायको मागे येतेय की नाही, वळूनसुद्धा बघत नाहीत."

"नाही बघत," अनसूयम्मा म्हणाल्या.

तेवढ्यात पुरुषांच्या दारावर घंटी वाजली. अनसूयम्मांची मान झटकन तिकडे वळली. एक तरुण हसत खिशातून किल्ल्या काढत होता. त्यांनी पुन्हा समोर पाहिलं.

फोन आला. मुलगा होता, कल्याण, डॅलसहून. त्याचा आवाज भूलक्ष्मीलाही ऐकू येत होता.

"अम्मा, एजंट खोळंबलाय. परतीचं तिकीट ठेवायचं की रद्द करायचं?"

"ह्यांना विचारून सांगते."

तो हळूच म्हणाला, "बरं, अम्मा."

"काय म्हणतात चिरंजीव?" भूलक्ष्मीने विचारलंच.

"तिकडेच कायमची राहा म्हणतो. गुंटूरचं घर विकून टाकू म्हणतो. ह्यांनी ते घर उन्हात उभं राहून बांधून घेतलंय. अंगणातला आंबाही ह्यांच्याच हातचा. किती दिवस मी एकच उत्तर देतेय. त्याची तरी चूक काय? काळजी वाटते त्याला."

"आणि भाऊजींचं म्हणणं काय?"

"काही बोलत नाहीत."

"परक्या मुलखात गोविंदा म्हणून ओरडतात, आणि घरात घुमे होय! तुम्हीच सांगून टाका, अक्का. नंतर बसू देत रुसून."

अनसूयम्मा हसल्या. "बघते."

नंबर आला. त्यांनी फोन ट्रेमध्ये टाकला. पिशवी मात्र दोन्ही हातांनी अलगद ठेवली आणि ती पट्ट्यावरून आत जाईपर्यंत तिथेच थांबल्या.

भूलक्ष्मीच्या बांगड्या वाजल्या. ती पडद्यामागे गेली आणि गुदगुल्या झाल्यासारखी हसत बाहेर आली. अनसूयम्मा दारातून गेल्या तेव्हा दिवा हिरवाच राहिला. पलीकडे पोचल्यावर त्या सवयीने थांबल्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अम्मा, पुढे चला. कुणाची वाट बघताय?" खाकीतली मुलगी म्हणाली.

पट्टा थांबला होता. यंत्राच्या स्क्रीनसमोरच्या माणसाने मुलीला काहीतरी खुणावलं. तिने कापडी पिशवी बाजूला घेतली.

"ही तुमची? उघडता का जरा?"

पिशवीत पुरुषाचं उपरणं होतं, बारीक लाल काठाचं, नीट घडी घातलेलं. अनसूयम्मांनी एकेक घडी उलगडली. आत तळहाताएवढा वाकडा धातूचा तुकडा होता. एका अंगाने आरशासारखा गुळगुळीत, दुसऱ्या अंगाने काळवंडलेला.

मुलीने तो उलटसुलट करून पाहिला. बोटांना काजळी लागली.

"अम्मा, हे काय आहे?"

"हे," अनसूयम्मा म्हणाल्या. "आमचे हे. बाकीचं सगळं कृष्णेत सोडलं. हे तेवढे राहिले."

भूलक्ष्मीने तोंडावर हात ठेवला. मुलीने तुकडा आत ठेवून उपरण्याच्या घड्या होत्या तशाच घातल्या आणि पिशवी दोन्ही हातांनी परत दिली.

ट्रेमधला फोन वाजायला लागला. अनसूयम्मांनी तो उचलला.

"कल्याण, विचारलं ह्यांना. परतीचं तिकीट राहू दे."