मुखवट्याबद्दल माझं मत

पाय प्लास्टरमध्ये असल्याने मी पंधरवड्यापासून घरी पडून नव्या सुपरहिरो मालिकेचे अंक वाचत होतो. सकाळी उजाडताच वैतागून कॉमिक्सच्या ग्रुपवर मत टाकलं : "पुरे झालं आता! हिरो एका अंकात मरतो, पुढच्यात उठून बसतो. मग आम्ही जीव मुठीत धरून वाचायचं कशाला? आणि तो मुखवटा! तोंडावर प्लास्टिक बांधलं की एवढा मोठा राक्षस फसतो? शेंबडं पोरगं तरी विश्वास ठेवेल का?"

अंकासोबत फुकट आलेला तसलाच मुखवटा मी खाटेखाली फेकून दिला होता.

लोकांचे अंगठे यायला लागले, तेवढ्यात आई टोपली घेऊन समोर उभी राहिली. जंगलात मोहफुलं वेचायला निघाली होती. मागच्याच आठवड्यात शेजारच्या रुखमाकाकू अशाच गेल्या होत्या. त्या परत आल्या नाहीत.

"नको जाऊ वं माय."

"घरी बसून कसं होईन? बाया थांबल्या हायेत." ती खाटेखाली वाकली. "फुलं वेचाले वाकलं का वाघ मागूनच येते. मागं तोंड दिसलं तर येत नाई म्हणते. हा बांधून दे मले."



मी तो मुखवटा तिच्या डोक्यामागे बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि ती वळणाआड जाताच ग्रुपवरचं माझं मत पुसून टाकलं.