चाळीसवरचा टँकर

"आज सोमवार. आजपासून सगळे टँकर नव्या रस्त्याने," डेअरीचा मॅनेजर म्हणाला. "तुमचाही. आता नन्नाचा पाढा नको."

टँकरवाला फडक्याने काच पुसत होता. "शनिवारपर्यंत तरी जुन्याच रस्त्याने जाऊ द्या, साहेब."

"अहो, त्या घाटात ठेवलंय काय? एक गाडी जायला, एक यायला, सगळी आंधळी वळणं. त्यात चाळीसची मर्यादा, आणि ती पाळणारे जगात तुम्ही एकटे!"

"सवय झालीय."

"धन्य आहे तुमची. बरं, शनिवारपर्यंत. आणि निघा आता! आठला दूध भरून झालंय. पुसून पुसून रंग घालवाल त्याचा."

तो हसला नाही, चिडलाही नाही. रोजच्यासारखं नऊला दहा कमी असताना त्याने फडकं घडी करून ठेवलं आणि टँकर बाहेर काढला. त्याला पगारवाढ नको होती, सुट्टी नको होती. फक्त तो रस्ता हवा होता, आणि आता त्याचे सहाच दिवस उरले होते.

त्या घाटात सगळे त्याला गोगलगाय म्हणायचे. काटा एकदा चाळीसवर आला की वर सरकेल तर शपथ! मागे रांग लागायची, हॉर्न कोकलायचे, कुणी काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचं. याच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही.

पण माणूस भला, हे शिव्या देणारेही कबूल करायचे. रस्त्याची डावी कड कधी सोडायचा नाही. पुढे मोकळं असलं की उजवा हात खिडकीबाहेर काढून मागच्याला खूण करायचा, जा. नसलं तर पंजा उभा धरायचा, थांब. ही सवय त्याच्या मुलीने लावलेली. लहान असताना सुट्टीत ती टँकरमध्ये शेजारी बसायची आणि दर वळणाला त्याच्या मागे लागायची, "बाबा, सांगा ना त्यांना. आपल्याला पुढचं दिसतं, त्यांना नाही दिसत." एखादा गाडीवाला जाता जाता टाटा करून गेला की स्वारी खूश.

संध्याकाळी घरी पोचला की बायको दारातच विचारायची, "झालं?"

"अजून नाही," तो म्हणायचा.

मग दोघं जेवायला बसायची. रेडिओ चालू असायचा. कुणी ऐकायचं नाही, कुणी बंदही करायचं नाही. त्या दिवशी त्याने एवढंच जास्तीचं सांगितलं, "शनिवारपर्यंतच मुदत आहे." तिने मान हलवली आणि त्याला भाजी वाढली.

त्याच्या मागे रोज सकाळी एक पांढरी गाडी असायची. घाटापलीकडच्या कारखान्यात साहेब असलेला एक तरुण. पहिला महिनाभर त्याने हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. पुढे हाताची खूण कळली आणि तो गप्प मागे राहायला लागला. हात दिसला की जायचा, जाताना दोनदा पीप पीप. त्याचं ते थँक्यू.

गुरुवारी त्याने घाटाखालच्या चहाच्या टपरीवर टँकरमागे गाडी थांबवली. हातात मिठाईचा डबा.

"काका, घ्या. मुलगी झाली मला!"

"अरे वा."

"तुम्हाला किती मुलं?"

"एकच. मुलगी."

तरुण बाकावर टेकला. जरा वेळ ग्लासाशी चाळा करत बसला. "काका, एक सांगू? दोन वर्षांपूर्वी याच घाटात वळणावर मी एकाला ओव्हरटेक केलं. समोरून स्कूटीवर एक मुलगी येत होती. पिवळं हेल्मेट. बास, तेवढंच आठवतं. पुरावा नाही म्हणून कोर्टाने सोडलं मला. तिच्या घरचे मागच्या बाकावर बसायचे म्हणे. मी एकदाही मान वर केली नाही."

टँकरवाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तेव्हापासून वळण आलं की घाम फुटतो. तुमचा हात दिसला की मात्र डोळे मिटून जातो. खरंच, तुमच्याच भरवशावर जातो."

"चहा गार होतोय," टँकरवाला म्हणाला.

मिठाईचं त्याने घरी काही सांगितलं नाही.

परतीच्या वेळी त्याच टपरीवर खडीचा डंपरवाला भेटायचा. त्याची रोजची फुशारकी ठरलेली. "माझा डंपर म्हणजे किल्ला! समोरून काहीही येऊन आदळू दे, आपल्याला ओरखडा नाही. आणि टाइम? सकाळी घाट उतरताना सव्वानऊला खालून तिसरं वळण. घड्याळ लावून घ्या."

शनिवार उजाडला. ऊन स्वच्छ होतं. टँकर नऊला दहा कमी असताना निघाला, पायथ्याशी पांढरी गाडी मागे लागली. पहिल्या वळणावर त्याने पंजा उभा धरला. दुसऱ्यावरही. तिसऱ्या वळणावर आरशात पाहिलं, समोर पाहिलं आणि हात बाहेर काढला.

पीप पीप.

"वेग किती होता?" तासाभराने हवालदाराने विचारलं.

"चाळीस."

हवालदाराने टँकरमधलं वेग नोंदवणारं यंत्र पाहिलं. चाळीसच. "तुमची काय चूक, काका? पोराने घाई केली. जागच्या जागी गेला. डंपरवाल्याला खरचटलंसुद्धा नाही, पण बघा कसा ढसाढसा रडतोय. ओळखीचा होता का तुमच्या?"

"रोज मागे असायचा."

"तुमच्यासारखे सगळे चालवायला लागले तर आम्हाला काम उरणार नाही," हवालदार म्हणाला. त्याने पाण्याची बाटली दिली आणि त्याला बळेच सावलीत बसवलं. मॅनेजरचा फोन आला, दोन दिवस घरी आराम करा म्हणून.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती.

"झालं?"

"झालं."

ती आत गेली, दोन वर्षांत कुणी हात न लावलेलं पिवळं हेल्मेट तिने दारामागच्या खुंटीवरून उतरवलं आणि पदराने पुसायला बसली.