जमनाबाईंचे ठोके

“तुमच्या आईंना काहीही झालेलं नाही.” डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी नवनीतसमोर धरली. “हृदय घोडीसारखं आहे यांचं.”

तपासणीच्या खाटेवर पाय सोडून बसलेल्या जमनाबाई खूश झाल्या. “मंग माले सारंगखेडाना घोडाबाजारमा उभी कर रे, नवनीत. चांगला भाव येई.”

नवनीतला हसू आलं नाही. आधी हायसं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग राग आला. आठवडाभर त्याच्या मोबाइलवर लाल अक्षरं येत होती. जमनाबाई मगन पाटील, ठोके अनियमित, त्वरित डॉक्टरांना भेटा. आठवडाभर त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजता मोजता त्याचं निम्मं लक्ष खिशातल्या फोनकडे असायचं. आज हंगामाच्या ऐन गर्दीत साहेबांची बोलणी खाऊन त्यानं सुट्टी काढली होती आणि आईला नि बायकोला घेऊन शहाद्याला आला होता.

गेल्या वर्षी वडील केळीच्या बागेत पाणी भरता भरता कोसळले. आदल्या दिवसापर्यंत कुणाला काही कळलं नव्हतं. आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यानं ठोके मोजणारं ते अ‍ॅप घेतलं होतं. सकाळी घरच्या फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, की आकडा थेट त्याच्या मोबाइलवर. दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये हिरवी खूण दिसली की दिवस सोपा जायचा.

“वर्षाचे किती घेतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“अडीच हजार.”

“तेवढ्यात प्रेशरचं चांगलं मशीन आलं असतं.” डॉक्टर दमलेले होते. बाहेर अजून अर्धा बाक भरलेला होता. “हल्ली रोज कुणीतरी असला फोन घेऊन येतं. काही अ‍ॅप बरी असतात, काही नुसतीच घाबरवतात. कुठलं कसलं, ते घेणाऱ्याला कळायचं कसं?”

नवनीतनं मोबाइलवरच्या लाल अक्षरांकडे पाहिलं. जन्म काट्यावर गेलेला माणूस तो. खोट्या काट्याची त्याला मनापासून चीड, आणि हा तर त्यानं स्वतःच पैसे मोजून घरात आणला होता.

सकाळपासून सगळंच बिनसलं होतं. भाकरीला उशीर. हल्ली रोजच होतो. चारुलता तव्यासमोर बसायची ती बसूनच राहायची. भाजीत मीठ नाही म्हटलं तर उठायचीही नाही, डबा नुसता पुढे सरकवायची. आणि इथं दवाखान्याच्या जिन्यात तर कमालच केली. सासू वर पोहोचली, आणि ही मधल्या पायरीवर बसून.

“माय चढी गई, अन् तू काय बशी ऱ्हायनी?” तो ओरडला होता.

“पायमा गोळा उना,” ती म्हणाली होती. आता बाहेर बाकावर डबा, पाण्याची बाटली आणि सासूच्या चपला सांभाळत बसली होती.

“हे अ‍ॅप काढूनच टाकतो,” नवनीत म्हणाला.

“थांबा. एकदा माझ्यासमोर घ्या. बघू तरी किती चुकतंय.”

नवनीतनं आईचं बोट कॅमेऱ्यावर ठेवलं. जन्मभर कापूस वेचून आणि केळीच्या चिकानं काळी पडून त्या बोटांची टोकं सालीसारखी जाड झाली होती. पडद्यावर आलं, बोट नीट ठेवा. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला. बोट ओळखता आले नाही. दुसरं बोट, दुसरा हात, तेच. डॉक्टरांनी स्वतःचं बोट ठेवलं. लगेच हिरवी खूण आली. त्यांनी स्वतःची नाडी धरून घड्याळात पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

“आकडा तर बरोबर दाखवतंय. मग आईंचं घरी रोज येतं कसं?”

नवनीतनं आईकडे पाहिलं. “माय, तू रोज बोट ठेवस ना?”

“मन्हं बोट ते कधी घेस?” जमनाबाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. “पहिला दिवसपासून नही घेतं. रेशनना दुकानवर बी मन्हा अंगठा उठत नही, तठे बी चारूच देस. नाव मन्हं, अंगठा तिन्हा. घरमधलं कोनी बी दिधं का झायं. तसंच हाई बोट बी रोज तीच ठेवस.”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“चारू कोण?”

नवनीतनं दार उघडलं. चारुलता भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. ओठ कोरडे, कपाळावर घाम. दाराच्या आवाजानं ती दचकली आणि सवयीनं दोन्ही पिशव्या उचलून उभी राहिली.

“झायं? काय म्हनतस मायले?” ती भिंतीचा आधार घेत आत आली. “निंघा मंग लवकर. घर कपडा भिजाडेल शेतस.”

“तुम्ही जरा इथं झोपा,” डॉक्टर म्हणाले.

“माले?” ती खरंच हसली. “माले काय धाड भरनी?”

नवनीतनं तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या. जमनाबाई एव्हाना खाटेवरून खाली उतरल्या होत्या आणि चादरीवरच्या सुरकुत्या आपल्या खरबरीत तळव्यानं सारख्या करत होत्या.

“निज, बेटा,” त्या म्हणाल्या. “नाव मन्हं व्हतं. ठोका तुन्हा शेतस.”