तासामागे फरक

मुलगी विमानासकट टेकडीवर आपटून मेली, त्याला अर्धं वर्ष होत आलं तेव्हा शिंपी त्या महागड्या फ्लाइंग स्कूलमध्ये भाव विचारायला गेला.

वेडबीड लागलं नव्हतं त्याला. जास्तीच्या पैशात इथे काय जास्त मिळत होतं, एवढंच त्याला बघायचं होतं. मेहुण्याने चार लोकांत विचारलं होतं, "दाजी, जरा बरी शाळा नव्हती का बघायची?" बायको तेव्हा काही बोलली नाही. नंतरही बोलली नाही. फरक नुसता काचेच्या दरवाजाचा आणि गुबगुबीत खुर्च्यांचा निघाला, तर घरी जाऊन तिच्यासमोर बसता येईल, असं शिंप्याला वाटत होतं.

काउंटरवरची मुलगी वयाने त्याच्या मुलीएवढीच. कोणाला शिकायचंय, असं तिने विचारलं.

"मुलीला," तो म्हणाला.

"मग तिलाही आणायचं ना काका. पहिली चक्कर आम्ही फुकट मारून आणतो."

ती येऊ शकत नाही, असं शिंप्याने सांगितलं. कॉलेज असेल, असं समजून ती पुढे बोलत राहिली. तासाचा भाव, त्यात पेट्रोल धरलेलं, कानाला लावायच्या हेडसेटचं भाडं धरलेलं. मीटर इंजिन सुरू झालं की पळतं, विमान हवेत गेल्यावर नाही. म्हणजे धावपट्टीच्या तोंडाशी रांगेत उभं राहिलात तरी पैसे पडतात.

शिंप्याला हे सगळं पाठ होतं. मुलीला घालताना त्याने चार शाळांना फोन करून खोदून खोदून विचारलं होतं. कापड घेताना पन्हा किती, धुतल्यावर आटतं किती, रंग जातो का, हे विचारावं तसं. गरिबाने चार ठिकाणी विचारून स्वस्त घेतलं तर लोक त्याला हुशार म्हणतात. काही वाईट झालं की तेच लोक त्याला चिक्कू म्हणतात.

विमान तेच, दोन सीटचं. इंजिन तेच. परीक्षाही तीच. ती बोलत गेली तसतसं शिंप्याला हलकं वाटू लागलं. खुर्च्या मात्र खरंच गुबगुबीत होत्या.

भिंतीवर शर्टांच्या कापलेल्या पाठी टांगल्या होत्या, प्रत्येकीवर नाव आणि तारीख. त्याची नजर तिकडे गेलेली पाहून मुलगी हसली. कोणी पहिल्यांदा एकटं उडून खाली आलं की शिकवणारा त्याच्या शर्टाची पाठ कापून घेतो, असं तिने सांगितलं.

तेही शिंप्याला ठाऊक होतं. तो शर्ट त्यानेच शिवला होता. "बाबा, पाठ कापणारच आहेत, चांगलं कापड घालवू नका," असं पोर म्हणाली, आणि त्यानेही खिशाच्या अस्तराचं उरलेलं कापड पाठीला लावून दिलं. पोरीने शाळेत सगळ्यांना ते हसत हसत दाखवलं होतं. शर्टाचा पुढचा भाग अजून घरी दारामागे लटकतो. पुढून कॉलर, बटणं, खिसा, सगळं. मागून काही नाही.

उठता उठता त्याने विचारलं, "तास ठरवला आणि ऐनवेळी हवा बिघडली तर?"

"तर नाही उडायचं."

"पैसे?"

"न उडता कसले पैसे? काही शाळा घेतात. तास धरलात ना, मग उडा नाहीतर घरी बसा, पैसे गेले. म्हणून तर त्यांना भाव पाडून सांगता येतो."

शिंपी पुन्हा खाली बसला.

त्या सकाळी फोन आला तेव्हा त्याच्या गळ्यात टेप होती आणि समोर गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं. "बाबा, समोरची टेकडी दिसत नाहीये," पोर म्हणाली होती. "नको वाटतंय आज. पण पैसे जातील." तो म्हणाला होता, "बघ बाई. शक्यतो तास बुडवू नकोस." आणि गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेतलं होतं.

नंतर साहेब लोक आले, टेकडीचे फोटो काढले आणि वैमानिकाचा, म्हणजे पोरीचाच, निर्णय चुकला असं ठरवून गेले. मेलेलं माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे चूक त्याच्या नावावर टाकणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं. शाळेच्या नियमाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ती शाळा अजून चालू आहे. भावही तोच आहे.

"आणि समजा मीच म्हटलं," शिंपी म्हणाला, "की जा, तास बुडवू नकोस, तर?"

मुलीला हसू आलं. "तुम्हाला कोण विचारतंय काका? इथे घरी फोन करायची वेळच येत नाही."

त्याने भिंतीवरच्या पाठी पुन्हा एकेक करून बघितल्या. सगळ्या चांगल्या कापडाच्या होत्या. मग त्याने दुसऱ्या शाळेचा भाव सांगितला आणि तासामागे फरक किती पडतो ते विचारलं. तिने कॅल्क्युलेटरवर वजाबाकी केली आणि आकडा त्याच्याकडे फिरवला.

"म्हणजे तीन फुलपँटी," शिंपी म्हणाला.

"काय?"

"तीन पँटींची शिलाई." त्याचा अंगठा बोटावर घासला जात होता, कापडाचा पोत बघावा तसा. "एका बैठकीत होतात."

"मग जमतंय की काका," ती म्हणाली, आणि तिने पेनाचं टोपण काढलं. "सांगा, मुलीचं नाव काय लिहू?"