बोटीची तपासणी

शिंपिणीने आठ महिने खपून शिलाई मशीनशेजारी रिमोटवरची पहिलीवहिली शर्यतीची बोट बांधली. साठलेलं पाणी काढायच्या भोकाचं इवलंसं रबरी बूच हरवू नये म्हणून नेलपॉलिशने लाल रंगवलं. तलावावर नवऱ्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सगळ्यांच्या बोटी तोच तपासायचा. तिचीही उलटीपालटी करून म्हणाला, "सोड बिनधास्त." पहिल्या फेरीत तिने त्याला मागे टाकलं. दुसऱ्या फेरीत बोट मागून जड झाली, नाक वर करून बुडाली. "बूच लावायलाच विसरली!" नवरा ओरडला; सगळे पोट धरून हसले. "लावलं होतं हो," ती सांगत राहिली. शेवटी तिचंच तिला खरं वाटेना. घरी त्याने करंडक मांडला, शर्ट तिच्याकडे भिरकावला. "धुवायला टाक. खिसे तपासून हं, तपासायची सवय लाव जरा." तिने खिसा उलटा केला. लाल बूच पडलं.