गैरहजर सहावा

पार्सिपनीच्या मराठी मंडळात आश्लेषाच्या अल्पमतातल्या कार्यकारिणीने सतरा दिवसांत दोन ठराव जिंकले. दोन्ही सभांत तिच्या बाजूने पाच मते पडली. विरोधात सहा पडायला हवी होती; तीही पाचच पडली.

जुने अध्यक्ष नोकरीपायी टेक्ससला गेले, तेव्हा अकरा विश्वस्तांतल्या सहा विरोधकांना आपसांत अध्यक्ष ठरवता येईना. पाचांच्या गटातली आश्लेषा अध्यक्ष झाली. ठराव पडला की कार्यकारिणी पडते, आणि मते समान झाली तर अध्यक्षांचे मत निर्णायक, हे मंडळाचे नियम.

"आई, नॉर्वेत नाइन्टीन ट्वेन्टी-एटला सेम असंच मायनॉरिटी गव्हर्नमेंट होतं," इतिहास शिकणारी आन्या म्हणाली. "एटीन डेज, दॅट्स ऑल. उद्या तुझा एटीन्थ."

"त्यांनी आल्या आल्या मोठी घोषणा केली होती. मी शेवटी करतेय."

ती घोषणा म्हणजे तिसरा ठराव: इथे जन्मलेल्या मुलांना मंडळात मताचा अधिकार. तो पडला तर आपण आणि आपले मित्र मंडळाची पायरी पुन्हा चढणार नाही, असे आन्याने बजावले होते.

आश्लेषा औषध कंपनीत संख्याशास्त्रज्ञ होती. पहिल्या सभेला विरोधकांतला देवांग आला नाही, मुलीचा पियानो होता. दुसरीला त्यांच्यातलीच रुपाली नव्हती, पाठ धरली होती. दोनच नोंदींवरून निष्कर्ष काढू नये, हे ती जाणून होती. तरी तिने काढलाच: तिचे युक्तिवाद लोकांना पटू लागले होते आणि उघड पाठिंबा द्यायचा संकोच वाटणारे घरी थांबत होते.

शनिवारी सकाळी झूमवर सभा भरली. घड्याळात तिची नाडी एकशे चार दिसत होती. विरोधकांचा म्होरक्या ऋषी ठरावाविरुद्ध तावातावाने बोलला. त्याच्या गटातल्या नीलाची चौकट मात्र दिसलीच नाही. तिची फ्लाइट लेट होती.

पाच विरुद्ध पाच. आश्लेषाने निर्णायक मत दिले. शेजारच्या खोलीतून आन्या धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली.

"अभिनंदन, ताई," ऋषी म्हणाला. "बाकी, पुरणाची डाळ आणलीत ना?"

"दर सभेत हेच विचारता हो तुम्ही. उद्याचा पाडव्याचा स्वयंपाक कार्यकारिणीनेच करायचा, ही प्रथा मला ठाऊक आहे."

"काळजी वाटते. चारशे पानं आहेत."

किती लाटणी जमली ते पाहायला तिने मंडळाचा सामायिक ऑनलाइन तक्ता उघडला. 'पोळपाट-लाटणी'च्या शेजारी एक अनोळखी पान होते. आपली खाजगी फाइल समजून ऋषीने ते इथेच बनवले होते, अठरा दिवसांपूर्वी.

त्यात तीन तारखा होत्या. देवांग, पियानो. रुपाली, पाठ. नीला, फ्लाइट.

खाली लिहिले होते: 'सोमवारच्या सभेला सहाही जणांनी हजर राहावे. रविवारच्या पंगतीआधी कार्यकारिणी पाडू नये. पाडली तर चारशे माणसांच्या पुरणपोळ्या आपल्याला लाटाव्या लागतील.'